प्रवेग, त्वरण आणि तूर्तास

रावपुऱ्यातल्या एका आजींचा प्रश्न: "नातू इथे बडोद्यातच गुजराती शाळेत नववीला आहे. तो 'प्रवेग' म्हणतो, पुण्याची भाची 'त्वरण' म्हणते. मराठीत बरोबर काय? आणि प्रवेग ऋण आला की गाडी मंदावते, हे खरं ना?"

मराठीत त्वरण, म्हणजे इंग्रजीतलं ॲक्सिलरेशन. गुजराती पुस्तकात प्रवेग, आणि चालीला (म्हणजे स्पीडला) तिथे झडप म्हणतात (आपली झडप घारीची). झालं.

पण 'प्रवेग गुजराती, म्हणून टाकाऊ' असं सांगत फिरणारे आमचे दांडिया बाजारातले शुद्धिवादी स्नेही साफ चुकतात. प्र आणि वेग, दोन्ही संस्कृत. आक्षेप घ्यायचाच तर असा घ्या की संस्कृतात प्रवेग म्हणजे नुसता दांडगा वेग; इथे मोजायचा आहे वेगातला बदल, दर सेकंदाचा. त्वरणातही तो बदल दिसत नाही, कबूल. पण त्याचं गोत बघा! धातू त्वर्, घाई करणे. त्यातून त्वरा, त्वरित, तूर्ण, घोड्याचा तुरग, आपलं तुरत. आणि तूर्त! हेच स्नेही तूर्तला फारसी ठरवतात, का तर म्हणे दफ्तरी कागदांत भेटतो. मग कागदाच्या माथ्यावरचा 'श्री'ही फारसीच म्हणायचा! घाईच्या घराण्यातला हा शब्द मराठीत येऊन 'तूर्तास राहू द्या' म्हणत कामं लांबणीवर टाकायला लागला, याचं मला दर वेळी हसू येतं. माझा तर्क असा, की तो 'लगेच'वरून 'या घटकेला'वर आला आणि तिथून 'या घटकेपुरतं'वर घसरला.

हां, ऋणाचं राहिलंच. खरं नाही ते, शिकवणीवाले कितीही ठासून सांगोत. न्यायमंदिराकडून लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे जायची दिशा धन धरा. मांडवीकडून येणाऱ्या रिक्षाचा वेग −10 मीटर प्रतिसेकंद. ब्रेक दाबून ती 5 सेकंदांत थांबली, तर त्वरण +2 मीटर प्रतिसेकंद वर्ग. धन आलं, तरी रिक्षा मंदावलीच. चिन्ह दिशा सांगतं. वेग आणि त्वरण यांची चिन्हं उलट असली की मंदन.

आता नातवाला विचारा, सरळ वर फेकलेला चेंडू अगदी माथ्यावर असताना त्याचं त्वरण किती? 'शून्य' म्हणेल. शून्य असतो वेग, तोही तूर्तास. त्वरण तिथेही 9.8, खालच्या दिशेने.