कोन्बिनीतला केक खावा की नाही? वाचकांचे प्रश्न

जपानला जाणाऱ्यांचे गोडाधोडाचे प्रश्न बरेच साठलेत, म्हणून या वेळी फक्त तेवढेच घेतेय.

ताई, एप्रिलमध्ये टूरबरोबर जपानला चाललोय. सासूबाई अंडं खात नाहीत. आम्ही केक खायचा आणि त्यांनी बघत बसायचं का? – सांगली

केकच्या दुकानात खरंच बघतच बसावं लागेल गं, कारण जपानी केकचा सगळा हलकेपणा अंड्यातून येतो, एगलेस तिकडे शोधूनच काढावा लागतो. पण कोन्बिनी म्हणजे ती चोवीस तास उघडी असणारी दुकानं, तिथे केकच्या फ्रिजशेजारीच त्यांची पारंपरिक मिठाई असते, ती बघा. तांदळाच्या पिठाच्या गोळ्या काडीला लावून वरून सोया सॉस आणि साखरेचा पाक ओततात ती मिताराशी दांगो, मऊ मोचीत, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यात, सारण भरलेलं दाइफुकू, नाहीतर योकान. योकान सगळ्यात बिनधास्त, त्यात अझुकी या लाल कडधान्याचं सारण, साखर आणि समुद्री शेवाळापासून केलेलं कांतेन, बास. हे सारण म्हणजे अंको, अझुकीचे लाल दाणे शिजवून साखर घालून आटवलेलं, आपल्या पुरणासारखंच पण वेलची-जायफळ काही नाही, त्यामुळे सासूबाई पहिल्या घासाला "काहीतरी राहिलंय" म्हणणारच.

एप्रिलच्या सुरुवातीला गेलात तर साकुरा मोची नक्की घ्या. गुलाबी मोची खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली असते आणि ते पानही खातात, खारट-गोड मस्त लागतं.

आता महत्त्वाचं, अंडं नाही म्हणजे व्हेज असं धरू नका. मूस, जेली, क्रीमचे कप यात बऱ्याचदा जिलेटिन असतं आणि ते सहसा डुकराचं किंवा गाईचं असतं. अंडं, दूध, गहू लेबलवर लिहायची तिकडे कायद्याने सक्ती आहे, तेव्हा मोबाईलचा कॅमेरा लेबलवर धरून भाषांतर करा आणि चार गोष्टी शोधा: तामागो म्हणजे अंडं, झेराचिन म्हणजे जिलेटिन, राअदो म्हणजे डुकराची चरबी, योशु म्हणजे दारू. योशु केकमध्ये बऱ्याचदा असते, लहान मुलं बरोबर असतील तर तेही बघा. दाइफुकूचंही लेबल वाचाच, काहींच्या आत क्रीम असतं.

आणि मोची सासूबाईंना अगदी बारीक तुकडे करून द्या. दर नवीन वर्षाला तिकडे वयस्कर लोकांच्या घशात मोची अडकल्याच्या बातम्या येतात, मी उगाच घाबरवत नाहीये.

रील्समध्ये सगळे लॉसनचा केक खाऊन डोळे मिटतात. खरंच एवढं भारी असतं का? – ठाणे

डोळे मिटण्याएवढं नाही, पण पैशाच्या मानाने भारीच. लॉसन आणि सेव्हन-इलेव्हन या तिकडच्या कोन्बिनी चालवणाऱ्या कंपन्या. तिथला पहिला सेव्हन-इलेव्हन १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसूत उघडला, आणि पुढे या कंपन्यांची आपसात अशी चुरस लागली की दुकानात सारखं काहीतरी नवीन येत असतं. लॉसनचा प्रीमियम रोल केक २००९ चा, बाहेर पातळ स्पंज, मधे नुसतं क्रीम, आणि तो चमच्याने खायचा. २०१९ मध्ये त्यांचा बास्क चीजकेक आला, बासुची नावाचा, तो मला रोल केकपेक्षा आवडतो कारण त्याला चीजची खरी चव आहे. दोन-तीनशे येनमध्ये एवढं मिळत असेल तर तक्रार कशाला करायची? फक्त स्ट्रॉबेरी शॉर्टकेक खायचा असेल तर तो केकच्या दुकानातच खा, ताज्या फळाच्या बाबतीत कोन्बिनी मागे पडते.

बेकरीत गेल्यावर काय घ्यायचं तेच कळत नाही, सगळंच छान दिसतं. – नाशिक

दारातून ट्रे आणि चिमटा उचला, हवं ते ट्रेमध्ये ठेवा आणि काउंटरवर न्या, बोलायची गरजच पडत नाही. पहिल्यांदा अनपान घ्या, अंको भरलेला पाव. टोकियोच्या गिन्झातल्या किमुराया दुकानाने तो १८७४ मध्ये काढला, नेहमीच्या यीस्टऐवजी साके दारूसाठी लागतं तसं तांदळाचं विरजण वापरून, आणि १८७५ मध्ये तो थेट सम्राट मेइजींपुढे गेला, त्या वेळचा वर खारवलेलं चेरीचं फूल असलेला अजून मिळतो. क्रीमपानचं, म्हणजे क्रीम भरलेल्या पावाचं, श्रेय नाकामुराया या दुकानाला, १९०४. हेच ते नाकामुराया, ज्यांच्या मालकांनी १९१५ मध्ये इंग्रजांपासून पळून आलेल्या रासबिहारी बोसांना लपवून ठेवलं, पुढे ते त्यांचे जावई झाले आणि १९२७ पासून तिथे भारतीय करी मिळायला लागली. क्रांतिकारक आणि क्रीमपान एकाच दुकानात, कुठून कुठे जातं बघा!

करीपान, म्हणजे करी भरलेला पाव, मात्र व्हेजवाल्यांनी सोडा, आत बहुतेक वेळा मांस असतं. आणि बेकरीतल्या सुट्या पावांवर लेबल नसतं, अंडं टाळायचं असेल तर विचारूनच घ्या.

पुण्याला आणायला काय बरं पडेल? – पुणे

क्रीमचा केक नको. तिथली चांगली दुकानं पॅक करताना घरी पोचायला किती वेळ लागेल ते विचारतात आणि त्या हिशोबाने बर्फाची पाकिटं घालतात, म्हणजे आपला विमानप्रवास त्यात बसतच नाही. पॅकबंद योकान आणा, तो बाहेरच महिनोन्महिने टिकतो. अंडं चालत असेल तर कास्तेला, नागासाकीचा स्पंज केक: अंडी, साखर, मैदा आणि स्टार्चचा पाक, लोणी नाही, बेकिंग पावडर नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो तिकडे नेला, त्यांची जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जायची. फुकुसाया हे त्याचं जुनं दुकान १६२४ पासून आहे. खालच्या बाजूला जाड साखरेचे दाणे चिकटलेले असतात, तो थर मुलं आधी कुरतडून खातात. डब्यावरची तारीख बघून घ्या, आल्यावर लगेच वाटून टाका.

कोन्बिनीतच बसून खाल्लं तर चालतं का? – कोल्हापूर

टेबल-खुर्च्या असतील तर चालतं, पण काउंटरवर आधी सांगा. घरी नेलं तर ८ टक्के टॅक्स आणि तिथे बसून खाल्लं तर १०, २०१९ पासून असंच आहे. खाऊन झालं की डबा आणि काडी तिथल्याच कचरापेटीत टाका, पुढे रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही.