वाचकांचे प्रश्न : प्रॉडक्ट ओनरचे काम कसे शिकावे?

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत आठ वर्षे बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करीत आहे. गेल्या दिवाळीनंतर आमचा प्रकल्प स्क्रम, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम पूर्ण करण्याच्या, पद्धतीने चालवायचे ठरले आणि माझे पद प्रॉडक्ट ओनर असे झाले. दोन दिवसांचे प्रशिक्षणही मिळाले. प्रत्यक्षात मात्र दिवस पूर्वीसारखाच जातो. क्लायंटकडून आलेल्या मागण्या मी जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेची छोटी नोंद, म्हणून उतरवते, डेव्हलपरांच्या शंका क्लायंटला कळवते आणि उत्तर आले की टीमला सांगते. क्लायंटच्या तीन विभागांना आपापले काम आधी हवे असते, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आमचे मॅनेजर पुढे घेतात. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, चारशेच्या वर नोंदी साचल्या आहेत. हे काम नीट शिकायचे तर सुरुवात कुठून करावी?
एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : आपण वर्णन केलेल्या दिवसात निरोप पोचविण्याचे काम भरपूर आहे, पण आपण स्वतः घेतलेला निर्णय एकही नाही. प्रॉडक्ट ओनरचे काम मुळात निर्णयाचे आहे. स्टोरी लिहिणे हे त्याचे दुय्यम अंग. स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेल्या स्क्रम गाइडची २०२० ची आवृत्ती पंधरा पानांचीही नाही. ती एकदा सावकाश वाचा. तिच्यात ‘यूजर स्टोरी’ हा शब्दसुद्धा आढळणार नाही, कारण तो एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या वेगळ्या पद्धतीतून आला आहे. टीमच्या कामाचे मूल्य जास्तीत जास्त वाढविण्याची जबाबदारी प्रॉडक्ट ओनरची आहे, बॅकलॉगचा क्रम त्याने लावायचा आहे, नोंदी लिहिण्याचे काम तो दुसऱ्याकडे सोपवू शकतो पण उत्तरदायित्व त्याचेच राहते, असे तिच्यात म्हटले आहे. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नसते, आणि तिला यश यायचे असेल तर साऱ्या संस्थेने तिच्या निर्णयांचा मान राखला पाहिजे, हेही तिथेच नमूद आहे. ही शेवटची अट आपल्या प्रकल्पात पाळली जात नाही, आणि आपल्या अडचणीचे मूळ तिथे आहे.

सेवा कंपन्यांत असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. पैसा क्लायंटचा, ग्राहक क्लायंटचे, आणि टीम पुण्यात. त्यामुळे पुण्यातल्या व्यक्तीला पद मिळते, अधिकार मात्र तिकडेच राहतो. अशा व्यक्तीला प्रॉक्सी (म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा) प्रॉडक्ट ओनर म्हणण्याची पद्धत पडली आहे. ही स्थिती एका बैठकीत बदलत नाही, परंतु ती थोडी थोडी बदलता येते, आणि त्यासाठी हातात पुरावा लागतो. पुढचे दोन स्प्रिंट (स्क्रममधील कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे) एक साधी वही ठेवा. डेव्हलपरांनी किंवा टेस्टरांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहा आणि त्यापुढे उत्तर कोणी दिले, किती दिवसांनी दिले आणि आपल्या मते उत्तर काय असायला हवे होते, एवढे टिपा. आपले मत आणि क्लायंटचे उत्तर पुन्हा पुन्हा जुळत आहे असे ज्या प्रकारच्या प्रश्नांत दिसेल, त्या प्रश्नांपुरता निर्णयाचा अधिकार क्लायंटकडून लेखी मागा. पडद्यावरचा मजकूर, चुकीच्या नोंदीवर दाखवायची सूचना, लहान दोषांचा क्रम अशा गोष्टींपासून हे सुरू होऊ शकते. क्लायंटलाही रोज रात्री पुण्याच्या प्रश्नांना उत्तरे देत बसण्याची हौस नसते, त्यामुळे वही समोर ठेवली की बहुधा नकार येत नाही.

आता शिकण्याच्या मुख्य भागाकडे येतो. अ‍ॅनालिस्ट म्हणून आपल्याला ‘काय हवे आहे’ हे नीट लिहून घेण्याची सवय आहे. प्रॉडक्ट ओनरला त्याच्या एक पायरी मागे जाऊन ‘हे कोणाला, कशासाठी हवे आहे’ हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते. माझ्या अनुभवातले एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी मी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी तयार होत असलेल्या प्रणालीचा प्रॉडक्ट ओनर होतो. दूध संघाच्या कार्यालयातून आलेली पहिली मागणी होती ती रोजच्या संकलनाच्या रंगीत आलेखांची, आणि मी ती बॅकलॉगच्या अगदी वर ठेवली होती. नंतर एका केंद्रावर पहाटे साडेपाचला जाऊन बसलो. किटल्या घेतलेल्या शेतकऱ्यांची रांग दारापर्यंत होती. दूध मापायचे, नमुना यंत्रात घालायचा, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या इतर घन पदार्थांचे) आकडे यायचे, दर लागायचा आणि छापलेली पावती शेतकऱ्याच्या हातात पडायची. सात-आठ जणांचे दूध झाले आणि वीज गेली. केंद्राच्या सचिवांनी शांतपणे कपाटातली जुनी वही काढली, दुधाने ओलसर झालेली बोटे पंच्याला पुसली आणि पेन्सिलीने नोंदी सुरू केल्या. वीज आल्यावर त्या वहीतल्या नोंदी प्रणालीत मागाहून भरण्याची सोयच आम्ही केली नव्हती. दर दहा दिवसांनी होणाऱ्या बिलात त्या सकाळच्या दुधाचा हिशेब लागत नसे, आणि शेतकऱ्यांची बोलणी सचिवांना खावी लागत. कार्यालयात कोणीही ही अडचण आमच्याकडे मांडली नव्हती, कारण कार्यालयातल्या कोणालाही ती सोसावी लागत नव्हती.

त्या दिवशी परत येऊन मी आलेख खाली नेले आणि मागाहून नोंद भरण्याची सोय पहिल्या क्रमांकावर आणली. खरे शिक्षण त्यानंतर झाले. संघाच्या व्यवस्थापकांना आलेख एक महिना उशिरा मिळतील हे सांगताना मला शब्द जुळवावे लागले. नुसते ‘नाही’ म्हटले असते तर ते दुखावले असते. पण एका बिलात किती शेतकऱ्यांच्या नोंदी राहून जातात, हे मी त्या केंद्राच्या वहीवरून मोजून नेले होते, आणि तो आकडा पाहिल्यावर त्यांनीच आलेखांचा विषय बाजूला ठेवला. आपला क्लायंट परदेशात असला तरी हे अशक्य नाही. प्रत्यक्ष वापरणाऱ्या एका माणसाशी महिन्यातून एकदा अर्धा तास व्हिडिओवर बोलण्याची परवानगी मागा, त्याला त्याचे काम आपल्यासमोर करायला सांगा आणि मध्ये बोलू नका.

चारशे नोंदींबद्दल माझे मत स्पष्ट आहे: एवढा बॅकलॉग कोणी वाचत नाही, त्यामुळे त्याला क्रमही नसतो. क्रम म्हणजे एकाखाली एक अशी ओळ. ‘हाय प्रायॉरिटी’ असा शिक्का मारलेल्या साठ नोंदी हा क्रम होत नाही. सहा महिन्यांत ज्यांचे नाव कोणी काढले नाही त्या नोंदी वेगळ्या काढा, तिन्ही विभागांना तशी सूचना द्या आणि कोणी आक्षेप घेतला नाही तर त्या बंद करा. उरलेल्यांपैकी वरच्या वीस नोंदींचा क्रम स्वतः लावा आणि प्रत्येकीसमोर ती तिथे का आहे याचे एक वाक्य लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर ती नोंद तिथे असू नये. मग तिन्ही विभागांच्या प्रतिनिधींना एकाच वेळी बोलवा. वेगवेगळे भेटलात तर प्रत्येक जण स्वतःचा आग्रह तुमच्यावर सोपवून जाईल. एकत्र बसले की त्यांना एकमेकांच्या मागण्या दिसतात आणि वाद त्यांच्यातच होतो, जिथे तो व्हायला हवा. आपल्या मॅनेजरांनाही त्या बैठकीला बोलवा, म्हणजे मागाहून क्रम बदलायचा झाला तर तो सर्वांसमोर ठरलेला क्रम बदलावा लागेल.

टीमकडे जाताना तपशिलांनी भरलेली चार पानी स्टोरी घेऊन जाण्याचा मोह आवरा. अ‍ॅनालिस्टना हे जड जाते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. अडचण आणि स्वीकाराचे निकष (काम पूर्ण झाले असे केव्हा मानायचे ते) सांगा, मार्ग डेव्हलपरांना सुचवू द्या. मागाहून नोंद भरण्याची आमची सोय एका कनिष्ठ डेव्हलपरने सुचविलेल्या पद्धतीने चार दिवसांत झाली, माझ्या आराखड्याने तिला तीन आठवडे लागले असते. आणि काम वापरात गेल्यावर महिन्याभराने ते खरोखर वापरले जाते का, हे पाहायला विसरू नका.

प्रश्न : मी नाशिकला टेस्टर म्हणून काम करतो. प्रॉडक्ट ओनर व्हायचे असल्यास सीएसपीओ (सर्टिफाइड स्क्रम प्रॉडक्ट ओनर) आणि पीएसपीओ (प्रोफेशनल स्क्रम प्रॉडक्ट ओनर) यांपैकी कोणते प्रमाणपत्र घ्यावे?
एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्हींचे स्वरूप वेगळे आहे. सीएसपीओ हे स्क्रम अलायन्स या संस्थेचे प्रमाणपत्र आहे. त्यासाठी त्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा वर्ग पूर्ण करावा लागतो, परीक्षा नसते, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेच्या पीएसपीओच्या पहिल्या पातळीला वर्ग सक्तीचा नाही; साठ मिनिटांत ८० प्रश्न सोडवायचे असतात, उत्तीर्ण होण्यासाठी ८५ टक्के गुण लागतात, आणि प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. स्वतःच्या खिशातून खर्च करणार असाल तर दुसरा मार्ग घ्या, आणि त्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरची विनामूल्य सराव चाचणी सलग तीन-चार वेळा पूर्ण गुणांनी सोडवा. प्रमाणपत्रामुळे मुलाखतीपर्यंत पोचता येते. मुलाखतीत मात्र आपण कोणती मागणी कोणाला, कशाच्या आधारावर नाकारली, हे विचारले जाते, आणि त्याचे उदाहरण टेस्टरला सध्याच्या कामातूनच मिळवता येते: पुढच्या रिलीजच्या वेळी सापडलेल्या दोषांपैकी कोणते दुरुस्त केल्याशिवाय रिलीज जाऊ नये आणि कोणते राहिले तरी चालतील, याची कारणांसह यादी आपल्या प्रॉडक्ट ओनरकडे स्वतःहून घेऊन जा.