दुभाषी आपल्याच गावचा निघाला तर?

ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज केलेले समलिंगी तरुण समुपदेशनाला येतात, तेव्हा कायद्याच्या आधी हा प्रश्न येतो. ही भीती खरी असते. "काळजी करू नका" म्हणून ती जात नाही, तिच्यासाठी तजवीजच करावी लागते.

रफीक (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) बांगलादेशातल्या सिल्हेटचा. पूर्व लंडनमधले बरेचसे बांगलादेशी सिल्हेटकडचेच, त्यामुळे कोण कुणाचा भाचा हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ बांगलादेशात अजून लागू आहे. आपल्याकडचंही १८६० च्या त्याच दंडसंहितेतलं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढलं. 'रूपबान' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढणाऱ्या जुलहाज मन्नान यांना २०१६ मध्ये ढाक्यात त्यांच्या घरी मारलं गेलं. रफीक गप्प राहतो त्यामागे हे सगळं आहे.

आश्रयाच्या सरकारी मुलाखतीत दुभाष्याच्या तोंडची सिल्हेटी बोली ऐकताच तो आक्रसला. जोडीदाराचा उल्लेख त्याने 'बोंधू' असा केला. बांगलात बोंधू म्हणजे मित्र, आणि लोकगीतांतला प्रियकरसुद्धा. कागदावर आला फक्त मित्र. मराठीत कुणी 'माझा माणूस' म्हणावं आणि नोंद 'परिचित' अशी व्हावी, तसं झालं. पुढचा प्रश्न आला, "मग त्याच्यासाठी जिवाला धोका कसा?" रफीक खाली बघत राहिला.

समुपदेशनासाठी दुभाषी फोनवरचा आणि दुसऱ्या शहरातला घ्यावा. त्याला अशिलाचं नाव-गाव सांगू नये. आधी फक्त आवाज ऐकवावा. नको म्हटलं तर कारण न विचारता दुसरा बघावा. नातेवाईक किंवा खोलीतला सोबती दुभाषी म्हणून कधीच नको. पेच बोलीचा असतो: सिल्हेटी बोलणारे दुभाषी मोजके, म्हणजे ओळख निघण्याची शक्यता जास्त. अशिलाला प्रमाण बांगला नीट कळत असेल तर कोलकात्याकडचा दुभाषी बरा. मात्र रडू आलं की माणूस आपल्या बोलीवर जातो, तेव्हा दुभाष्याने अंदाज न बांधता "पुन्हा सांगाल का?" विचारायचं, हे आधीच ठरवावं.

सत्रापूर्वी दुभाष्याबरोबर पाच-दहा मिनिटं एकट्याने बोलावं. 'समलिंगी', 'जोडीदार', 'शरीरसंबंध' यांना कोणते शब्द वापरायचे ते पक्कं करावं, कारण बोलीत सहज तोंडी येणारे बरेच शब्द शिव्याच असतात. ही दहा मिनिटं वाचवली की पुढचे तीन तास वाया जातात.

सरकारी मुलाखतीसाठी अधिकारी आणि दुभाषी स्त्री हवी की पुरुष, हे वकिलामार्फत आधी लेखी कळवता येतं. भाषांतर चुकतंय असं वाटलं तर तिथेच मोठ्याने सांगावं, म्हणजे ते ध्वनिमुद्रणात येतं. "मायदेशी जाऊन लपूनछपून राहा" असं सांगून परत पाठवता येणार नाही, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून परतल्यावर लपून का राहावं लागेल, ती भीती कशाची, हे अशिलाने आपल्या शब्दांत सांगणं मोलाचं. खासगी फोटो मात्र पुरावा म्हणून देऊ नयेत.

रफीकच्या वकिलाने ध्वनिमुद्रण मागवून 'बोंधू'ची दुरुस्ती लेखी पाठवली. पुढच्या सत्राला फोनवर कोलकात्याकडची एक बाई होती. तिने विचारलं, "त्याला काय म्हणू?" बराच वेळ शांतता. मग रफीक म्हणाला, "प्रेमिक."