मृत्यू नेमका किती वाजता झाला, हे शवविच्छेदनात कसं कळतं?

नेमकं कळत नाही, अंदाज बांधतात. मालिकांमधले डॉक्टर मृतदेहाकडे बघून 'रात्री सव्वादोनला' म्हणतात, ते विसरा.

पहिल्या दिवसात शरीराचं तापमान सगळ्यात उपयोगी. ते गुदद्वारातून किंवा यकृतातून मोजतात. शरीर साधारण तासाला एक अंश सेल्सिअसने गार होतं असा ढोबळ नियम आहे. पण कपडे, शरीराचा लठ्ठपणा, वारा, पाणी यांनी तो सहज बिघडतो. आणि हवाच ३७ अंशांवर असेल, तर शरीर गार होणारच कसं?

स्नायूंचा ताठरपणा साधारण २ ते ४ तासांत जबड्या-मानेत जाणवू लागतो, सुमारे १२ तासांत सगळं अंग कडक होतं आणि दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं. उष्णतेत हे सगळं लवकर उरकतं. मृतदेहाच्या खालच्या बाजूला साकळलेल्या रक्ताचे त्वचेवर दिसणारे डागही बघतात. डोळ्यातल्या द्रवात पोटॅशियम वाढत जातं, तेही मोजता येतं. पोटातल्या अन्नावर मात्र फार विसंबू नये, भीतीने किंवा दुखापतीने पचन रेंगाळतं.

काही दिवस उलटले असतील तर माश्यांच्या अळ्यांचं वय जास्त भरवशाचं. शिवाय शेवटचा फोन कधी झाला, हे पोलीस तपासतातच. म्हणून अहवालात एक वेळ नसते, 'अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान' असं असतं.