नवरीनं पाणी कधी प्यायचं?

"मॅडम, लग्न माझंच आहे आणि मलाच त्या दिवसाची भीती वाटायलीय."

लग्नसराई तोंडावर आली की परभणीत समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून कुणी ना कुणी हे बोलतंच. बोलणाऱ्या फक्त मुलीच असतात असं नाही. नवरदेवही येतात, पण ते "ॲसिडिटी वाढलीय" इथून सुरुवात करतात. खोदून विचारलं की भीती तीच निघते. काहीतरी बिघडेल, कुणीतरी रुसेल, लोक नावं ठेवतील, आणि एवढ्या खर्चाचा, एवढ्या हौसेचा दिवस घाईगर्दीत निघून जाईल. दिवस निवांतही जावा आणि आठवणीतही राहावा, हे जमतं का?

एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलेली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. गाव जिंतूर तालुक्यातलं, घरची शेती, मुलगी पुण्यात नोकरीला. लग्न मे महिन्यात, मंगल कार्यालयात. आपल्याकडं लग्नं उन्हाळ्यात धरतात त्याला कारण आहे. रब्बीचा माल निघालेला असतो, खरिपाच्या पेरणीला अवकाश असतो, शाळांना सुट्ट्या असतात, त्यामुळे पैपाहुण्यांना यायला सवड होते. पण पारा तेव्हा ४२-४३ अंशांवर असतो, हे तिथी काढताना कुणी बघत नाही.

मुलगी पहाटे तीनला जागी व्हायची आणि मोबाइलमधली यादी उघडायची. पाण्याचे जार, जनरेटर, आचारी, भटजी, पार्लरवाली, रुखवताची गाडी, पाहुण्यांच्या खोल्या, बस्त्यातल्या कुणाकुणाच्या साड्या बदलून आणायच्या. यादी मला दाखवतानाही तिचा अंगठा थांबत नव्हता.

अशा वेळी मी यादीला हात लावण्याआधी आईला बाहेर बसवते आणि मुलीला एकच विचारते, "हे लग्न तुला करायचंय ना?" लग्नाच्या दिवसाची धास्ती आणि लग्नाचीच धास्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी असेल तर मांडवाची चर्चा बंद करून आधी ती बोलायची. आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर प्रश्न समुपदेशनाचा राहतच नाही, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. आपल्या भागात हे लिहावं लागतं, म्हणून लिहिलं. या मुलीनं मात्र लगेच मान हलवली. मुलगा तिला पसंत होता, रोज बोलणं होतं.

मग यादी घेतली. प्रत्येक ओळीपुढं विचारलं, "त्या दिवशी हे बिघडलं तर फोन कुणाला जाणार?" जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर आलं, "मलाच." अंगाला हळद लागलेली मुलगी जनरेटरवाल्याचा फोन उचलणार होती! "भावाला का नाही सांगत?" तर म्हणे, त्याच्या लक्षात राहत नाही. "मामांना?" यावर ती गप्प झाली आणि बऱ्याच वेळानं थोरल्या बहिणीच्या लग्नाचं निघालं.

ते लग्न गावातच, दारात मांडव घालून झालं होतं. मुलाच्या चुलत्याला मानाचा टॉवेल-टोपी द्यायची राहून गेली. चुलते रुसून गाडीत जाऊन बसले. जेवायला बसलेली वऱ्हाडाची पंगत तशीच खोळंबली. शेवटी वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या पायावर ठेवली. ही तेव्हा शाळेत होती आणि खांबाशी उभी राहून बघत होती.

यादीत एकही गोष्ट सुटू नये हा हट्ट कुठून आला, ते कळलं. तिला लग्न देखणं करायचं नव्हतं. वडिलांची टोपी डोक्यावर राहावी, एवढंच करायचं होतं.

पुढच्या भेटीला वडिलांना घेऊन ये म्हटलं. ते आले, खुर्चीच्या कडेला टेकले. मुलीनं रडत रडत सगळं सांगितलं. ते ऐकून गृहस्थ बुचकळ्यातच पडले. "अगं, ते तू एवढं मनाला कामून लावून घेतलंस? लेकीचं लग्न मोडू नये म्हणून काढली टोपी. पीककर्जाला गेलं की साहेबापुढंबी काढावीच लागती." थोडं थांबून म्हणाले, "मला तर त्या दिवसाचं दुसरंच आठवतं. थोरलीनं निघताना गोठ्यात जाऊन वासराच्या तोंडाला पुरणपोळीचा घास लावला होता."

टोपी काढायला लावणारा माणूस चुकीचाच होता. वडिलांनी ते पोटात घातलं म्हणून ते बरोबर ठरत नाही, असं मी त्यांनाही सांगितलं. पण मुलीचा मोठा भार तिथंच उतरला. ज्याच्या अपमानाचं ओझं ती वाहत होती, त्यानं ते कधीच खाली ठेवलं होतं.

वासराच्या घासावरून मी तिला मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांचा एक प्रयोग सांगितला. १९९३ चा. लोकांना १४ अंशांच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या जादा वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. परत करायचं तर कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, त्रास जास्त वेळ असूनही. आठवण मिनिटं मोजत नाही. सगळ्यात उत्कट क्षण आणि शेवट, यांच्यावरच ती बहुतेक उभी राहते. मुलगी हिशेबाची पक्की. लगेच म्हणाली, "म्हणजे जिलेबी संपली तरी चालेल, पण पाठवणी घाईत नको."

तेच ठरलं. आपल्याकडं पाठवणीच्या वेळी ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, मंडपवाला खुर्च्या गोळा करत असतो. तिनं पाठवणीआधीचा अर्धा तास मागून घेतला. फक्त माहेरची माणसं, कॅमेरावाला बाहेर. दुसरा क्षण निवडला मंगलाष्टकांचा, मामा पाठीशी उभा असतानाचा. बाकी कार्यक्रम कसाही झाला तरी चालेल, असं तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं.

मानपानाचं खातं थोरल्या मामांकडं गेलं, नावनिशीवार. सासरकडच्या माणसांना सांभाळायचं काम मात्र मी नेहमी नवरदेवावर टाकते. नवरीच्या बापानं हात जोडण्यापेक्षा पोरानं आपल्या काकाच्या शेजारी जाऊन बसणं सोपं असतं. तिनं फोन करून सांगितलं, तोही तयार झाला. सत्काराच्या बाबतीत वडील अर्धेच ऐकले. परण्या मारुतीला गेला की पोरं डीजेपुढून हलत नाहीत, मग माइकवर शाल-श्रीफळ सुरू होतं, आणि १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्ताच्या अक्षता अडीचला पडतात. सगळे सत्कार अक्षतांनंतर घ्या, असा माझा आग्रह होता. ते म्हणाले, "आमदार आले तर थांबावंच लागंल, मॅडम." बरं, एवढं तरी.

आता पाण्याचं. नवऱ्या लग्नाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. कारण विचारलं तर लाजत सांगतात की एकदा शालू नेसला की बाथरूमला कसं जायचं. त्यात अक्षता पडेपर्यंत उपास. सकाळी सातला मेकअपला बसलेली मुलगी दुपारी अडीचपर्यंत उपाशी, तहानलेली, अंगावर जरीचं ओझं आणि तोंडावर व्हिडिओवाल्याचा लाइट. मग छाती धडधडते, हात थरथरतात, डोळ्यापुढं अंधारी येते आणि बायका म्हणतात, पोरगी घाबरलीय. घाबरलेली नसते, तिच्या पोटात काही नसतं. त्यामुळे कार्यालय बघायला जाल तेव्हा नवरीच्या खोलीला लागून स्वच्छ संडास आहे का, तेवढं आधी बघा. स्टेजची सजावट नंतर. एक करवली फक्त नवरीसाठी ठेवा. तिच्याजवळ नवरीचा फोन, दोन-चार सेफ्टी पिना, मिठा-साखरेचं लिंबूपाणी. उपास मोडायचा नसेल तर केळं, दूध, राजगिऱ्याचा लाडू चालतो, आजीला विचारून घ्या.

झोपेचं म्हणाल तर तिला मी काळजीची वेळ नेमून दिली. संध्याकाळी सातला अर्धा तास यादी घेऊन बसायचं, मनसोक्त काळजी करायची. रात्री विचार आला की वहीत एक शब्द लिहायचा, बाकीचं उद्या सातला. आठवडाभरात पहाटेची जाग कमी झाली. ज्यांची होत नाही, जेवण तुटतं, जगणं नकोसं वाटतं, त्यांनी लग्नाची तारीख उलटून जायची वाट बघू नये. १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे.

लग्नानंतर तिचा फोन आला. अक्षता दोनला पडल्या, आमदार आले होते. बफेत मठ्ठा संपला. मधेच लाइट गेली आणि जनरेटरवाला जेवायला बसलेला, हे तिला दुसऱ्या दिवशी भावाकडून कळलं. पाठवणीआधीच्या अर्ध्या तासात रडणं कमी आणि थोरलीच्या लहानपणीच्या खोड्या जास्त निघाल्या. आणि हो, सासरकडचे एक फुफाजी रुसलेच. त्यांचं नाव यादीत होतं, टोपीही दिली होती, तरी रुसले. मामा आणि नवरदेव त्यांना घेऊन कार्यालयामागच्या टपरीवर गेले आणि वीस मिनिटांनी तिघंही हसत परत आले. तिथं काय बोलणं झालं, हे मामा अजून कुणाला सांगत नाहीत.