मामाची आडत डेकमध्ये का नाही?

बाळा, तुझ्या स्टार्टअपचा डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाईडा, पाहिला. शेतातच सोयाबीनचा ओलावा मोजायचा आणि कोणत्या भावाला माल जाईल ते मोबाईलवर दाखवायचं, आयडिया चांगलीय. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची अट (२०२४ ला १५ पर्यंत सूट दिली ती गोष्ट वेगळी), वर निघाला की माल परत, हे लातूरच्या पोराला काय सांगायचं. पण टीमची स्लाईड बघून रागच आला मला. तिघं एकाच कॉलेजचे, तिघंही कोडिंगवाले, आणि मामाची मोंढ्यात एवढी जुनी आडत आहे त्याचा एक शब्द नाही. लाज वाटली का लेका?

आयआयटीचं नाव असलं की समोरचा फोन उचलतो, हे खरंय, नाही कशाला म्हणू. फ्लिपकार्टवाले दोघं आयआयटी दिल्लीचेच, पण २००७ ला सुरू करायच्या आधी दोघंही ॲमेझॉनमध्ये नोकरी करून आलेले, धंदा आतून बघितलेला, हे कुणी सांगत नाही बघ. अमेरिकेत फाउंडर लोकांच्या वयाचा मोठा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात वेगानं वाढलेल्या कंपन्या ज्यांनी काढल्या त्यांचं काढतानाचं सरासरी वय ४५ निघालं, आणि त्याच धंद्यात आधी काम केलेल्यांचं जमायचं प्रमाण जास्त. आपल्या वाळूजला १९८५ ला बजाजचा प्लांट आला, मागोमाग सुटे भाग पुरवणारे व्हेंडर उभे राहिले, माझ्या ओळखीतले बरेचसे आधी कुणाच्यातरी शॉपफ्लोअरवर राबलेले, कोणत्या परचेसवाल्याकडं कधी जायचं हे त्यांना पाठ.

आता मामाचंही ऐक. मामा गिऱ्हाईक आणून देईल पण तुझं मशीन चुकतंय हे तोंडावर सांगणार नाही, भाच्याचं कौतुकच करणार, आणि एकदा का अमक्या आडतीचं मशीन असा शिक्का बसला की शेजारचा आडत्या ते दारात ठेवून घेणार नाही. १९७३ ला ग्रॅनोवेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं दाखवलं की लोकांना नोकरीची खबर जवळच्या दोस्तांपेक्षा कधीमधी भेटणाऱ्यांकडूनच जास्त लागते, कारण दोस्ताला जे माहीत ते आपल्याला आधीच माहीत असतं. तुम्ही तिघं रात्री रूमवर बसून जे बोलता त्यात नवीन काय निघतं सांग बरं? तुला ऑइल मिलचा परचेसवाला पाहिजे, जो ओलावा बघून पैसे कापतो. गोदामवाला पाहिजे, शेतकरी कंपनी चालवणारा एखादा पाहिजे, आणि जमलं तर यातलाच कुणीतरी पार्टनर म्हणून घ्या, चौथा कोडर नको.

संभाजीनगरला मॅजिक म्हणून इन्क्युबेशन सेंटर आहे, नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करतं, तिथं चक्कर मार, फंडिंगचं नंतर बघू, आधी इंडस्ट्रीवाल्यांशी वळख वाढव. आणि मिलवाल्याची वेळ मामाकडून घे, पण भेटायला मामाला सोबत नेऊ नको, तो असला की मिलवाला खरं बोलायचा नाही.