रंग मंद करायला गेलो, चिखल झाला!

प्रश्न: ताई, मी रिटायर झाल्यावर अ‍ॅक्रिलिक पेंटिंग शिकायला लागलोय. पावसात पणजीच्या जुन्या फोन्तेन्हास वस्तीत फोटो काढले, त्यावरून घरांचं चित्र केलं. भडक नको म्हणून सगळ्या रंगांत थोडा थोडा काळा घातला, तर पिवळं घर शेवाळी झालं आणि बाकी सगळं चिखल. मिसेस म्हणते पोस्टकार्डच बरं होतं. काय चुकलं? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: दादा, मिसेसना म्हणावं थोडं थांबा, चित्र वाया गेलेलं नाही. पिवळ्यात काळा घातला की तो हिरवटच होतो, म्हणून काळ्याची ट्यूब सध्या ड्रॉवरमध्ये टाका. रंग मंद करायचा तर रंगचक्रात त्याच्या समोर येणारा रंग चिमूटभर घालायचा, म्हणजे यलो ऑकरमध्ये जांभळा, कौलांच्या लालमध्ये हिरवा. आणि अल्ट्रामरीन ब्लूमध्ये बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून बघा, असा सुंदर राखाडी येतो की पावसाळी आभाळ आणि ओल्या भिंतीखालची सावली दोन्ही त्यातूनच निघतात, निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की ऊबदार. फक्त अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर जरा गडद होतं, तेव्हा मिक्स करताना एक पायरी फिकंच ठेवा.

आणि सगळंच मंद करू नका हो! अख्खी गल्ली राखाडी आणि एकच निळी खिडकी चक्क ट्यूबमधून काढल्यासारखी, मग बघा ती कशी बोलते.

आता खरं सांगू का, मला रंगापेक्षा तुमच्या फूटपट्टीची जास्त काळजी वाटतेय, कारण फोटोवरून काढलं की प्रत्येक कौल मोजलं जातं आणि भिंती ओळंब्यात उभ्या राहतात. आपल्या साळगावात १९२४ साली जन्मलेल्या चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांची निसर्गचित्रं बघा, जाड काळ्या रेषा, घरं एकमेकांवर कलंडलेली, तरी गाव म्हणून ते पटतं. (हो, काळा त्यांनी वापरलाय, पण रेषेसाठी!) एकदा फोटो पालथा ठेवा आणि आठवणीतून काढा. जिन्याशी पाय घसरला असेल तर जिना मोठा होऊ दे, भिंतीच्या पायथ्याला पावसानं चढलेला तो काळपट ओघळ सुक्या ब्रशनं ओढा, घासला गेला तरी चालेल. चौथ्या घराच्या खिडक्या आठवत नसतील तर काढूच नका.

जुनं चित्र फेकू नका, त्याच्यावरच रंगवा. खालचा चिखल मधून मधून डोकावला तर जांभ्याची भिंत म्हणून खपेल.